पंक्तिभेद आणि सेवा : मराठी ख्रिस्ती परंपरेतील ऐक्याची वाटचाल

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्माचा जो प्रसार झाला, तो एका चर्चने केलेला नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्यामागून स्कॉटिश, इंग्लिश आणि पुन्हा अमेरिकन अशी निरनिराळी मिशने आली. कालांतराने या मिशनांनी परस्परसामंजस्याने आपापली क्षेत्रे वाटून घेतली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, सातारा हा प्रदेश काँग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन मराठी मिशनकडे राहिला. कोल्हापूर, सांगली, मिरज या भागांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले. नाशिककडे अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी होती. नागपूर आणि जालना येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम उभे राहिले. वसईच्या पट्ट्यात तर पोर्तुगीज काळापासूनच मराठी बोलणारा कॅथलिक समाज नांदत होता.

या वाटणीचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. नगर तालुक्यातील एखादे कुटुंब बाप्तिस्मा घेऊन काँग्रिगेशनल झाले आणि नाशिककडील त्याचे सोयरे अँग्लिकन झाले, यामागे त्या दोन कुटुंबांनी केलेला कोणताही सैद्धांतिक विचार नव्हता. बिशपपदाची परंपरा आवश्यक आहे की नाही, बालकांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हे वाद युरोपात तीनशे वर्षांपूर्वी झालेले होते. त्यांची भाषा, त्यांचे राजकारण, त्यांच्या जखमा इकडच्या माणसाला परक्या होत्या. तरीही त्यांचे निकाल मात्र त्याच्या पदरात पडले. जिल्ह्याची सीमा हीच पंथाची सीमा ठरली.

मराठी समाजाला या स्थितीचे नाव ठाऊक होते. एका घरात, एकाच प्रसंगी, एकाच अन्नासाठी माणसांच्या वेगवेगळ्या ओळी बसविणे याला पंक्तिभेद म्हणतात. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी प्रभुभोजनाचा विधी आहे. एका भाकरीचे आणि एका प्याल्याचे वाटेकरी होणे हा त्याचा अर्थ. ज्या धर्माने जातीची पंगत मोडण्याचे आश्वासन देऊन माणसे आपल्याकडे बोलावली, त्याच धर्माच्या अनुयायांना पंथाच्या नियमांमुळे परस्परांच्या प्रभुभोजनात सहभागी होता येईना. हा विरोधाभास मराठी ख्रिस्ती विचारवंतांना प्रथमपासून बोचत होता.

प्रस्तुत निबंधात १८८३ ते १९७२ या कालखंडातील काही निवडक प्रसंगांच्या आधारे या पंक्तिभेदाशी झालेल्या झगड्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. चर्चच्या ऐक्याचा इतिहास सामान्यतः परिषदा, मसुदे आणि करार यांच्या अंगाने लिहिला जातो. महाराष्ट्रापुरते पाहता असे दिसते की, करारांच्या पुष्कळ आधी ऐक्याचा अनुभव सेवेच्या ठिकाणी आला : अनाथालयात, कीर्तनात, आश्रमाच्या पंगतीत, दवाखान्यात. जेथे सेवेत स्वतःकडे कमीपणा घेण्याची तयारी होती तेथे ऐक्य टिकले. जेथे प्रश्न अधिकाराचा आणि मालमत्तेचा झाला तेथे कागदावरचे ऐक्यही डळमळले.

२. पंडिता रमाबाई : सेवेचे आकर्षण, पंथाचा नकार

पुण्यातील पंचहौद मिशन मराठी वाचकाला ठाऊक आहे ते चहापानाच्या प्रकरणामुळे. १८९० च्या ऑक्टोबरात तेथे झालेल्या सभेत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे जाहीर केली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. खाण्यापिण्याच्या एका कृतीवर समाजाचे ऐक्य आणि बहिष्कार कसे अवलंबून होते, याचा तो ठळक दाखला होय. मात्र पुण्यातील या अँग्लिकन कार्याचा दुसरा एक धागा तितकाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या संन्यासिनी संघाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात काम करीत होत्या. त्यांच्याशी झालेल्या परिचयातून पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे कशाने ओढले, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करीत. त्या स्त्रियांना कोणी माणूस म्हणून वागवीत आहे, ही गोष्ट रमाबाईंना नवी होती. पुराणे आणि धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीला तत्त्वचर्चेने जे पटले नसते ते एका आश्रयगृहातील व्यवहाराने पटले.

परंतु ज्या भगिनींच्या सेवेने त्या भारावल्या, त्यांच्याशीच त्यांचा तीव्र मतभेद झाला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्यात बिशपांच्या अधिकाराविषयी, त्रैक्याच्या सिद्धांताविषयी, इतकेच नव्हे तर क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का असू नयेत, याविषयी रमाबाईंनी घेतलेले आक्षेप आढळतात. आपण ख्रिस्ताच्या आहोत, कोणत्याही एका पंथाच्या नाही, ही त्यांची भूमिका होती. एका पंडितपरंपरेचे जोखड फेकून दिलेल्या स्त्रीने दुसऱ्या परंपरेचे जोखड तपासल्यावाचून मान्य करावे, ही अपेक्षाच चुकीची होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना ही कामे मुली व स्त्रियाच करीत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात सिद्ध झाले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्णपणे प्रसिद्ध झाले.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, मुक्ती सदन कोणत्याही मिशनशी बांधलेले नव्हते. तेथे साहाय्यासाठी आलेल्या मंडळींचे पंथ निराळे होते; मिनी एब्रॅम्स यांच्यासारख्या अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्त्या तेथे वर्षानुवर्षे राबल्या. दुष्काळातून आलेल्या मुलीला जेवू घालताना तिचा बाप्तिस्मा कोणत्या पद्धतीने व्हावा हा प्रश्न कोणी आधी विचारीत नव्हते. रमाबाईंनी पंथैक्याचा सिद्धांत मांडला नाही. त्यांनी एक घर उभे केले आणि त्या घराच्या कामात पंथ आपोआप मागे पडले.

३. नारायण वामन टिळक : वेतनाचा त्याग आणि देवाचा दरबार

रमाबाईंनी पंथ नाकारला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी पंथाच्या आत राहून त्याच्या भिंती पातळ करण्याचा प्रयत्न केला. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. पुढे त्यांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर आणि राहुरी येथे राहिले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग जातींतून आलेला होता. त्या समाजात चित्पावन ब्राह्मण कुटुंबाने येऊन राहणे ही केवळ धर्मांतराची घटना नव्हती. ती रोजच्या स्वयंपाकघराची परीक्षा होती. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्याओवळ्याचे संस्कार आपल्या मनातून कसे टप्प्याटप्प्याने गळून पडले, याचा जो मोकळा वृत्तान्त दिला आहे, त्याचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. जातिभेद मनातून जाण्याची प्रक्रिया त्याच्या आधीच सुरू झाली होती. टिळकांच्या सिद्धांताला लक्ष्मीबाईंच्या चुलीने आधार दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टिळकांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या होत्या. पहिली म्हणजे मिशनच्या वेतनावर अवलंबून असलेला उपदेशक मराठी समाजाच्या दृष्टीने नोकर ठरतो. त्याच्या वाणीला साधूच्या वाणीचे वजन येत नाही. दुसरी म्हणजे परदेशी मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांचे नाते धनी आणि आश्रित असे राहिले तर सेवाही सत्तेचेच एक रूप बनते. या दुसऱ्या गोष्टीवर त्यांनी ‘ज्ञानोदय’मधून स्पष्टपणे लिहिले. सेवा करणारा वर आणि सेवा घेणारा खाली अशी मांडणी असेल तर तीही एक प्रकारची उतरंडच होय, ही जाणीव त्यांच्या ठायी जागी होती.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न आरंभिला. या दरबाराचे वैशिष्ट्य असे की, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामील होऊ शकत. चर्चचे ऐक्य म्हणजे निरनिराळ्या पंथांचा समझोता एवढाच अर्थ त्यांना पुरेसा वाटला नाही. भोवतालच्या समाजापासून तुटलेला ख्रिस्ती आणि चर्चच्या दारात थबकलेला हिंदू ख्रिस्तभक्त यांच्यातील अंतरही त्यांना मिटवावयाचे होते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. तो पूल येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खुला राहावा, ही दरबारामागील प्रेरणा होती.

हा प्रयोग फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. मात्र त्यांच्या पदांनी वेगळे काम केले. ‘उपासना संगीत’ या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांची पदे शेकड्यांनी आहेत. प्रभुभोजनाच्या मेजाशी ज्यांना एकत्र येता येत नव्हते ते अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मराठी भाविक एकाच कवीच्या शब्दांत प्रार्थना करू लागले. अभंग, ओवी, साकी, दिंडी या छंदांना पंथ नव्हता. पंगतीच्या आधी पदाने माणसे एकत्र आली.

४. ख्रिस्त सेवा संघ : पुण्यातील पंगत

टिळकांच्या निधनानंतर त्यांच्या विचाराचा वारसा एका अनपेक्षित ठिकाणी प्रकट झाला. जॉन कॉपली विन्स्लो हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले अँग्लिकन मिशनरी १९१४ मध्ये भारतात आले आणि अहमदनगर परिसरात काम करू लागले. टिळकांचे इंग्रजीतील चरित्र त्यांनीच लिहिले. ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका काँग्रिगेशनल कवीचे चरित्र अँग्लिकन धर्मगुरूने लिहावे, आणि त्याच ग्रंथमालेत अँग्लिकन बाप्तिस्मा झालेल्या पंडिता रमाबाईंचे चरित्र निकोल मॅक्निकोल या स्कॉटिश प्रेस्बिटेरियनाने लिहावे (१९२६), ही घटना त्या काळातील बदलत्या वातावरणाची निदर्शक आहे.

११ जून १९२२ रोजी विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. नावात सेवा हा शब्द अकारण आलेला नव्हता. भारतीय आणि इंग्रज सदस्यांनी एकत्र राहावे, खादी वापरावी, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घ्यावे, प्रार्थनेत भारतीय संगीत आणि ध्यान यांना स्थान द्यावे, अशी त्याची घडण होती. साम्राज्याच्या त्या काळात गोऱ्या माणसाने काळ्या माणसाच्या मांडीला मांडी लावून पंगतीस बसणे आणि भारतीय सहकाऱ्याच्या बरोबरीने झाडलोट करणे हे अनेक युरोपियनांना रुचणारे नव्हते. सत्तेच्या जागी जन्मलेल्या माणसाने स्वेच्छेने खाली उतरणे हा संघाच्या सेवेचा अर्थ होता. दक्षिणेत तिरुपत्तूर येथे १९२१ मध्ये सवरिरायन जेसुदासन आणि अर्नेस्ट फॉरेस्टर पेटन यांनी स्थापन केलेला ख्रिस्तकुल आश्रम हा याच वृत्तीचा समकालीन प्रयोग होय.

१९२७ च्या अखेरीस इंग्लंडहून तरुणांची एक तुकडी संघात दाखल झाली आणि १९२८ मध्ये पुण्यात शिवाजीनगर येथे आश्रम उभा राहिला. या तुकडीत व्हेरिअर एल्विन होते. पुढे त्यांनी आणि संघातील मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे यांनी १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे जाऊन गोंडांमध्ये काम सुरू केले. गोंडांची सेवा त्यांचे धर्मांतर न करता करावयाची, या भूमिकेमुळे एल्विन यांचा चर्चच्या अधिकाऱ्यांशी संघर्ष झाला आणि काही वर्षांत ते चर्चपासून पूर्णपणे दुरावले. सेवेची वाट प्रत्येक वेळी चर्चच्या ऐक्याकडेच जाते असे नाही. ती कधी चर्चच्या बाहेरही जाते, हे या उदाहरणावरून मान्य केले पाहिजे.

संघाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. जेवणाच्या पंगतीत तेथे भेद नव्हता. परंतु संघ अँग्लिकन शिस्तीत असल्यामुळे प्रभुभोजनाच्या बाबतीत इतर पंथांच्या बंधूंशी अंतर राखणे त्याला भाग होते. ज्या टिळकांपासून प्रेरणा घेतली, त्यांच्याच मंडळीतील पाळकाला संघाच्या वेदीपाशी समान स्थान देता येत नव्हते. १९३४ मध्ये संघाची दोन शाखांत विभागणी झाली आणि आश्रम ख्रिस्त प्रेम सेवा संघाकडे राहिला. त्याच सुमारास विन्स्लो इंग्लंडला परतले. संघाचे एक सदस्य अल्जी रॉबर्टसन यांनी मायदेशी नेलेल्या संघाच्या नियमांतूनच पुढे इंग्लंडमधील अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाची तत्त्वे घडली. पुण्याच्या मातीत आकाराला आलेली जीवनपद्धती अशा रीतीने इंग्लंडच्या चर्चला मिळाली. दात्याचे आणि घेणाऱ्याचे नेहमीचे स्थान येथे उलटले होते.

५. नागपूर, १९७० : परस्परांच्या हाताखाली

संस्थात्मक ऐक्याचा पहिला टप्पा १९२४ मध्ये आला. उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन केले आणि अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या त्यात आल्या. या दोन परंपरांत अंतर थोडे होते. खरी अडचण बिशपपद मानणारे आणि न मानणारे यांच्यात होती.

दक्षिणेत ही अडचण २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडियाच्या स्थापनेने ओलांडली गेली. स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एका मंडळीत आल्या. म्हैसूर भागातील वेस्लियन मेथडिस्ट मंडळ्याही त्यात होत्या. तेथे जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा न देता आहे त्या स्वरूपात स्वीकारण्यात आले आणि यापुढील दीक्षा बिशपांच्या हस्ते व्हाव्यात असे ठरले. त्यामुळे काही काळ दोन प्रकारचे पाळक एकाच मंडळीत राहणार होते.

उत्तरेतील वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. त्यांनी निराळा मार्ग काढला. सर्व पंथांच्या बिशपांनी आणि पाळकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी आणि अशा रीतीने सर्वांची सेवकाई एक व्हावी, असा तो मार्ग होता. यात कोणी कोणाला काय दिले, कोणाच्या दीक्षेत उणीव होती, हे शब्दांत सांगणे कटाक्षाने टाळले होते. टीकाकारांना ही संदिग्धता खटकली. तथापि या विधीचे मर्म त्या संदिग्धतेतच होते. शतकानुशतकांच्या बिशपपरंपरेचा वारसा सांगणाऱ्याने साध्या पाळकाच्या हाताखाली मस्तक नमवावयाचे आणि त्या पाळकानेही बिशपापुढे तेच करावयाचे. आपली परंपरा पूर्ण आहे हा दावा प्रत्येकाने क्षणभर खाली ठेवल्याशिवाय हे घडू शकत नव्हते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन चर्च, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषद, ब्रेदरन मंडळी, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या त्यात एकत्र आल्या. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ प्रौढांचा बाप्तिस्मा मानणारे एकाच मंडळीत राहू शकतील, अशी तरतूद झाली. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तीन शब्द या मंडळीने ब्रीद म्हणून स्वीकारले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने मात्र वाटाघाटींत दीर्घकाळ भाग घेऊनही अखेरच्या टप्प्यावर माघार घेतली. ती उणीव पुढेही राहिली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ साधा होता. नगरचे काँग्रिगेशनल, नाशिकचे अँग्लिकन, कोल्हापूर-मिरजेचे प्रेस्बिटेरियन आणि डहाणूकडील ब्रेदरन यांच्या मेजावरील पंक्तिभेद नियमाने संपला. जिल्ह्यानुसार पडलेली पंथाची रेघ पुसली गेली. ही माणसे टिळकांची पदे पन्नास वर्षे आधीपासून गात होती. ज्यांनी एकमेकांना आधीच ओळखले होते त्यांना मसुद्याने मान्यता दिली.

६. जामखेड : उतरंडीची उलटापालट

ज्या वर्षी नागपूरला हा विधी झाला त्याच वर्षी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने नगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मिशन वैद्यकाची महाराष्ट्रात मोठी परंपरा होती. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उघडलेले रुग्णालय दूरवर प्रसिद्ध होते. या परंपरेत डॉक्टर केंद्रस्थानी आणि रुग्ण त्याच्या दाराशी अशी मांडणी असे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आरोळे दांपत्याने ती बदलली. गावागावांतील अल्पशिक्षित वा निरक्षर, पुष्कळदा दलित, स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, बालकांचे पोषण, जुलाबावरील उपचार, कुष्ठरोग व क्षयरोग यांची ओळख हे ज्ञान या स्त्रियांच्या हाती आले.

येथेही पंक्तिभेदाचा प्रश्न होता आणि तो पाण्याच्या रूपाने समोर आला. विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत घेण्याचे धोरण प्रकल्पाने अवलंबिले. मग पाण्यासाठी सवर्णांना त्या वस्तीत यावे लागले. सेवेचा अर्थ येथे दान असा राहिला नाही. डॉक्टरने आपल्याकडील ज्ञानाची मक्तेदारी सोडून ते सर्वांत खालच्या मानल्या गेलेल्या स्त्रीकडे सोपवावे, असा तो झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील पुस्तकात जामखेडचा समावेश झाला आणि १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेतील प्राथमिक आरोग्याच्या विचाराला जे अनुभव उपयोगी पडले त्यांत त्याची गणना होते. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सेवेतही धनी-आश्रित नाते असू नये ही टिळकांची अपेक्षा होती; जामखेडने ती आरोग्याच्या क्षेत्रात व्यवहार्य करून दाखविली.

७. पुन्हा पुणे, १९७२

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्यावरील आपला आदेश जाहीर केला आणि कॅथलिक चर्चने इतर ख्रिस्ती मंडळ्यांशी संवादाचे दार उघडले. दरम्यान शिवाजीनगरच्या आश्रमातील संघ क्षीण झाला होता. १९७२ मध्ये या आश्रमाला नवे रूप मिळाले. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी तेथे एकत्र राहू लागल्या. वंदना माताजी या पहिल्या आचार्या होत्या. पुढे शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सारा ग्रँट यांनी ती धुरा वाहिली. उपनिषदांचे वाचन, भजन, मौन आणि दैनंदिन श्रम यांभोवती तेथील जीवन गुंफलेले होते आणि अन्यधर्मीय साधकांनाही तेथे जागा होती.

या घटनेत इतिहासाचे अनेक धागे एकत्र आलेले दिसतात. ज्या वाँटेज संघाच्या भगिनींनी १८८३ मध्ये रमाबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत नेले आणि पंथाच्या अधिकारासाठी त्यांच्याशी वाद घातला, त्याच संघाच्या भगिनी नव्वद वर्षांनंतर कॅथलिक भगिनींबरोबर एका छताखाली राहण्यास आल्या. ज्या वास्तूत त्या आल्या ती टिळकांच्या चरित्रकाराने स्थापिलेल्या संघाची होती. रमाबाईंनी मागितलेले संस्कृत येथे उपासनेत आले. बाप्तिस्म्याची सीमा ओलांडून माणसे जोडण्याची टिळकांची कल्पना येथे निराळ्या रूपात श्वास घेऊ लागली. तथापि प्रभुभोजनाबाबत कॅथलिक आणि अँग्लिकन यांच्यातील अधिकृत नियम तसेच राहिले. स्वयंपाकघर एक झाले, वेदी मात्र एक झाली नाही.

८. समारोप

या वाटचालीतून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मराठी ख्रिस्ती समाजातील ऐक्याची ओढ ही केवळ पाश्चात्त्य ऐक्यवादी चळवळीची प्रतिकृती नव्हती. पंक्तिभेद म्हणजे काय हे या समाजाने जातीच्या अनुभवातून जाणले होते. म्हणून पंथभेदाचे दुःख त्याला आपल्या भाषेत कळले.

दुसरा असा की, ऐक्य जेथे मालमत्तेच्या प्रश्नाशी येऊन ठेपले तेथे ते अडखळले. १९७० नंतर जुन्या मिशनांच्या जमिनी, शाळा आणि विश्वस्तनिधी कोणाचे, यावरून न्यायालयीन वाद झाले. गुजरातमधील ब्रेदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे स्पष्ट केले की, विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही. नागपुरात मस्तक नमविणे सोपे ठरले. सातबारा सोडणे तितके सोपे ठरले नाही.

तिसरा निष्कर्ष अधिक अवघड आहे. पंथाची पंगत एक झाली म्हणून जातीची पंगत एक झाली असे नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शासनाच्या लेखी त्यांची जात बाप्तिस्म्याने संपते. विवाहसंबंधांत आणि मंडळीच्या कारभारात मात्र ती पुष्कळदा शिल्लक राहते. या प्रश्नाला चर्चच्या ऐक्याच्या मसुद्यांत पुरेशी जागा मिळाली नाही. त्याचे भान टिळकांच्या घरात आणि जामखेडच्या विहिरीपाशी अधिक होते.

नम्र सेवा आणि चर्चचे ऐक्य या दोन गोष्टी ख्रिस्ती प्रवचनांत नेहमी जोडीने येतात. शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग आणि सर्वांनी एक व्हावे ही प्रार्थना योहानाच्या शुभवर्तमानात एकाच रात्रीच्या आहेत. महाराष्ट्रातील अनुभव त्या जोडीला एक अट घालतो. ज्याने सेवा करताना आपले उच्चासन सोडले त्याच्या भोवती माणसे पंथ विसरून जमली : रमाबाईंनी पांडित्याचे, टिळकांनी वेतनाचे, विन्स्लो यांनी गोरेपणाचे, आरोळे दांपत्याने वैद्यकीय अधिकाराचे आसन सोडले. ज्यांनी सेवा केली पण आसन सोडले नाही, त्यांच्या संस्था मोठ्या झाल्या, परंतु पंगती वेगळ्याच राहिल्या. मराठी ख्रिस्ती समाजापुढील ऐक्याचा उरलेला प्रश्न पंथांपेक्षा या आसनांचा अधिक आहे.